टीव्हीवरच्या मुंग्या
छपरावर अँटेना फिरवत प्रफुल ओरडला, “आलं का चित्र?” खाली त्याची आई शोभाबाई टीव्हीवरच्या मुंग्यांकडे चिडून पाहत होत्या. सून रक्षा तान्ह्याला पाजत होती. बीएस्सीच्या पेपरांसाठी आठ दिवस वर्ध्याला जायचा विषय तिनं सकाळीच काढला, तर “लेकराले उपाशी ठेवतं का?” म्हणून त्या उखडल्या होत्या. आता तिला राहवलं नाही. “आई, यातली शंभरात एखादी मुंगी विश्व जन्मलं तवाच्या उजेडाची हाय. सूर्य नव्हता, चांद नव्हता, तवापासून तो चालूनच राह्यला. आत्ता आपल्या समुद्रपुरात पोचला.” शोभाबाईंनी पडद्याला तळहात लावला. हातावरची लव उभी राहिली. “इतक्या दुरून आला बापा!” त्या पुटपुटल्या. वरून पुन्हा हाक आली, तशा त्या ओरडल्या, “खाली उतर रे, प्रफुल! रक्षाले उद्याच वर्ध्याले पोचवून देजो. लेकराले मी वाटीनं दूध पाजीन.”