नोएलीनचा जोडीदार

“मी गेल्यावर जॅफाला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन कायमचं झोपव. दुसऱ्या कुणाबरोबर तो नाचणार नाही, बिचारा झुरून मरेल.” नोएलीन नवऱ्याकडून तसं वचन घेऊनच गेली. कॉलिननं तीन महिने टाळलं, मग शनिवारी सकाळी कुत्र्याला बेंडिगोच्या आमच्या क्लबात आणलं, जिथे माणसं आपापल्या कुत्र्यांबरोबर नाचतात. मी नोएलीनचंच गाणं लावून हात पुढे केला. जॅफा उठला, माझ्या पायांमधून आठचा आकडा काढत फिरला, उलटा चालला, शेपूट हलवत गिरक्या घेऊ लागला. “विसरला की मालकिणीला,” क्लबातली बेरिल हसली. “कॉलिन, तूही शीक जरा त्याच्याकडून.” “बघ, जगेल तो,” मी म्हटलं. कॉलिन हसला नाही. “तिच्यासाठी तीन महिनेही झुरला नाही,” म्हणाला. “दवाखाना बारापर्यंत उघडा असतो ना?” त्यानं हळूच पट्टा अडकवला. जॅफा त्याच्या डाव्या पायाला लागून, गाण्याच्या तालावर पावलं टाकत, गाडीपर्यंत गेला.