अळशीचा पाव

साखर उतरली नाही तर इन्सुलिनची सुई सुरू, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हापासून रोझेल नवऱ्यासाठी अळशी, बदाम आणि अंड्यांचा पाव घरीच भाजू लागली. संध्याकाळच्या जेवणाला गॉटहिल्फ त्याचे काप मुकाट्याने चावायचा. "कसा झालाय?" असं तिनं विचारलं की म्हणायचा, "टिकाऊ."

सकाळ झाली की 'पाय मोकळे करून येतो' म्हणत तो काठी उचलायचा. गावातल्या बेकरीत जायची सोय नव्हती. तिथे ब्रेत्सेलला, म्हणजे मैद्याच्या खारट, वेटोळ्या पावाला, लोणी लागायच्या आत बातमी रोझेलच्या कानी गेली असती. म्हणून स्वारी टेकडी ओलांडून थेट पलीकडच्या गावी. तिथे लोणी लावलेला ताजा ब्रेत्सेल उभ्याउभ्या खायचा, मिशीवरचं मीठ पुसायचं आणि पुन्हा टेकडी चढून घरी.

उन्हाळ्यात तपासणी झाली. साखर चांगलीच उतरली होती, सुई टळली. डॉक्टरांनी सगळं श्रेय त्या पावाला दिलं आणि गॉटहिल्फनेही गंभीरपणे मान डोलावली.

कौतुक ऐकून शेजारीण वाल्ट्राउड पाव चाखायला आली. एक काप तोंडात टाकून ती बराच वेळ चावत राहिली. "रागावू नकोस हं रोझेल, पण पिठात थोडं दही घातलंस ना, तर छान मऊ होईल."

रोझेलने उठून आधी खिडकी लावून घेतली.



"ठाऊक आहे गं मला. पण पाव चांगला झाला, तर तो टेकडी कशाला चढेल?"