काचेवरचा धागा

"हात मांडीवर ठेवा," हवेत चढताच पाठीमागे पंखा असलेल्या त्या छोट्या विमानाने बजावलं. माणसांना विमान चालवायची बंदी होऊन एकवीस वर्षं झाली होती. कुमुदआत्यांनी विमान चालवणाऱ्या यंत्राचा फ्यूज उपटला. मेलं एकदाचं गप्प झालं!

"आता तू चालव," त्या शेजारी बसलेल्या चौदा वर्षांच्या भाचीला, शाल्मलीला म्हणाल्या. "काचेबाहेर मी लोकरीचा धागा चिकटवलाय. तो वाकडा झाला म्हणजे विमान तिरकं चाललंय; पायाखालचं पेडल दाबून सरळ कर."

शाल्मलीने दांडा धरला. विमान डुललं, धागा फडफडत वाकडा झाला. ओठ चावत तिने तो सरळ केला.

रेडिओवरून खालचा अधिकारी ओरडला, "विमान डुलतंय! यंत्र बिघडलंय का?"

"नाही, माझी भाची शिकतेय."

"अटक होईल, आजी!"

आत्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. "या की वर पकडायला. फक्त विमान स्वतः चालवत या."