झाकणभर पाणी

पाळीत पॅडऐवजी घालायच्या पीरियड पँटीच्या आतल्या थरावर तिने बाटलीचं झाकणभर पाणी ओतलं.

"अहो ताई, हे काय?" दुकानातली बाई दचकली.

"घेणारच आहे. आधी बघू तर द्या."

शेजारी तिची लेक मान खाली घालून उभी होती. डागाच्या भीतीने ती परवा होणाऱ्या कबड्डी सामन्यातून नाव काढायला निघाली होती.

दोन महिन्यांपूर्वी गेलेली तिची आई, लेकीची आजी, पाळीसाठी केलेल्या जुन्या साड्यांच्या घड्या अशाच पारखायची. पाणी ओतायचं, मग घडी गालाला लावून ओल जाणवते का पाहायचं. त्यामुळे तिला स्वतःला शाळेत कधीच डाग लागला नाही. त्यासाठी आईचे आभार मानायचे राहूनच गेले.

पाणी मुरलं. ती पँटी उचलणार, तोच लेकीने घेतली आणि गालाला लावली.

"आजी असंच बघायची ना? कोरडी आहे," लेक म्हणाली. "दोन घे. जिंकलो तर रविवारी फायनल आहे."