जळक्या ट्रकांची ऑर्डर

चारच्या जिपेपर्यंत नऊ ट्रक जाळून दिले, तर जनाचा फायदा उघड होता. कल्याणच्या मालकाचं काम वर्षभर तिच्याच ओटीवर आलं असतं, आणि सातवा महिना लागलेल्या तिच्या सुनेला, भाग्यश्रीला, बाळंतपणानंतर कंपनीच्या पाळीसाठी मुरबाडचे हेलपाटे घालावे लागले नसते. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती, आणि ती ऐकून भाविकला हसू येत होतं.

"मावशी, खेळणं हाय ते," तो म्हणाला. "चार बोटांचं प्लॅस्टिक."

भाविक म्हसा गावापासून कल्याणपर्यंत मालाची ने-आण करायचा. शोकेसमध्ये लष्करी गाड्यांची मॉडेलं मांडणारे हौशी लोक ती मालकाकडून घेत. साधी हिरवी गाडी कुणीही रंगवी. लढाईत जळालेली गाडी मात्र चौपट भावाला जाई, आणि जाळावी तर ती जनानेच. डबीतल्या काळ्या रंगाला ती हात लावत नसे. तव्याच्या बुडाची काजळी खरवडायची, टर्पेंटाइनच्या दोन थेंबांत कालवायची आणि करंगळीने चोळायची. बघणाऱ्याला वाटे, धूर आत्ताच खिडकीतून निघून गेला.

आजवर तिने शंभरावर रणगाडे जाळले होते. चुलीवर भात शिजेपर्यंत तीन. त्यांत तिच्या ओळखीचं कुणी बसलेलं नव्हतं. या खेपेला भाविकने खोक्यातून ट्रक काढले. सहा चाकांचे, हिरवे. तिचा मुलगा प्रणय सरहद्दीवर चालवतो, अगदी तसेच. आणि प्रणयचा फोन येऊन बारा दिवस झाले होते. तिकडे गडबड चालू होती म्हणून भाग्यश्रीने टीव्हीची वायर काढून ठेवली होती, आणि घरात जिथे रेंज येते त्या खिडकीत, उपड्या पातेल्यावर, मोबाइल ठेवला होता.

"माझ्या पोराची गाडी मी जाळू?" जना म्हणाली.

"शंभर रणगाडे जाळलेस तवा नाय सुचलं ते?" भाविक हसला. मग घड्याळ बघून त्याने हसणं आवरलं. "मावशी, मी शब्द दिलाय. आज नाय झालं तर काम शहापूरच्या बायांकडे जाईल. मग मला बोलू नको."

भाग्यश्रीने हात पुढे केला. "द्या आई, मी करते."

"तू हात लावू नको गो. दोन जिवांची हायस."

जना उठली. खिडकीतला मोबाइल उचलून पाहिला, परत पातेल्यावर ठेवला आणि पाटावर येऊन बसली. ट्रकांचे टप अजून चिकटवलेले नव्हते, केबिन उघड्या होत्या. आत दोघं दोघं बसवलेले. उजवीकडे स्टिअरिंग धरलेला, डावीकडे त्याचा जोडीदार. डोकी तांदळाच्या दाण्याएवढी. जनाने अर्धं ब्लेड घेतलं आणि उजवीकडच्याच्या खाली सरकवलं.

"मावशी! काय करतेस?"

"ह्याला उतरवते."

"माल मोडशील ना!"

"मोडला तर माझ्या नावावर टाक."

पहिला सहज निघाला. दुसरा आणि तिसराही. चौथ्याचा पाय तुटून आतच राहिला.

जनाने त्याला तळहातावर घेतलं आणि ब्लेड खाली ठेवलं.

"राहू द्या आई," भाग्यश्री हळूच म्हणाली. "काजळी लावल्यावर दिसनार पण नाय."

"मला दिसतो ना."

तिने साडीची पिन घेतली आणि तो पाय कोरून काढायला लागली. भाविक ओटीवरून दोनदा अंगणात उतरला, दोनदा परत चढला. "अगो, पायाचं कोन पैसं देनार हाय काय?" त्याने विचारलं. पाय निघाला, जनाने तो गोंदाच्या टिपक्याने ज्याचा त्याला लावून दिला, तोवर अडीच वाजून गेले होते. उरलेले पाच तिने भराभर उतरवले. सगळे नऊ जण पदराच्या टोकाला बांधले आणि गाठ ओढून पाहिली.

मग तिने ट्रक जाळले. नऊच्या नऊ.

भाविकने एक ट्रक उचलून काचेतून आत डोकावलं. "डायव्हर नाय. मालकाला काय सांगू?"

"पेटली तवा उडी मारून पळाला म्हनावं."

भाविकने मनातल्या मनात काहीतरी तोललं. एवढ्या काळ्यात कोण माणसं मोजत बसणार? त्याने ट्रक कागदात गुंडाळायला घेतले. इकडे जना टप चिकटवत होती. भाग्यश्री शेवटच्या ट्रकावर वाकून बघत होती.

"आई, डावीकडचे सगळे आतच राहिले."

जनाचा हात थांबला. रस्त्यावर जिपेचा हॉर्न वाजला, परत वाजला. भाविक खोकं घेऊन उभाच होता.

"त्यांना पन आया असतील की," जना म्हणाली. "त्या काढतील."

तिने टप बसवला आणि गोंद धरेपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी दाबून ठेवला.

चारच्या जिपेने ऑर्डर पुरी गेली. भाविकचा शब्द राहिला, काम ओटीवर राहिलं, जनाच्या पदराला नऊ जण सुखरूप राहिले. किंमत डावीकडच्या नऊ जणांनी मोजली.