आतून चकचकीत

समाजाची भांडी सांभाळणाऱ्या लहानूभाऊंनी पितळेचा मोठा गंज विहाराच्या अंगणात आडवा केला आणि बाबूभाईंच्या पुढ्यात ढकलला.

“पाहा आत! हे का तुमची कल्हई होय? लावून पंधरा दिवस नाई झाले!”

भल्यामोठ्या पातेल्यासारखा हा गंज समाजाचा. गावातल्या प्रत्येक बौद्ध घरच्या लग्नाला तोच लागायचा. काल तो सत्यशीलाबाईंच्या अश्विनच्या लग्नात होता. सकाळीच मठ्ठा करून त्यात भरला, गार राहावा म्हणून वरून ओलं पोतं टाकलं. मूल तालुक्यातलं मे महिन्याचं ऊन. पाहुण्यांनी ग्लासावर ग्लास रिचवले. आलं-मिरची इतकी झणझणीत की चवीतला फरक कुणाला कळला नाही. दुपार कलताना मांडवात ओकाऱ्या सुरू झाल्या. गडचांदूरच्या कारखान्यातून आलेले अश्विनचे सोबती जीपमधून वाकून ओकत होते. नव्या नवरीला, माधवीला सलाईन लावावं लागलं. आतली कल्हई निघालेल्या उघड्या पितळेत ताक कळकलं, डॉक्टरांनी सांगितलं. रात्रीपर्यंत सगळे सावरले. पण अब्रू जायची ती गेलीच होती.

आणि त्याचं खापर कुणाच्या तरी माथी फोडायचं होतं. माणसं घाबरली की आधी लांबच्यावर तुटून पडतात. बाबूभाई मूलचे कल्हईवाले. त्यांची लेक नूरीही काल लग्नाला आली होती आणि तीही ओकून ओकून निपचित पडली होती. पण ते कुणी विचारलं नाही.

सत्यशीलाबाई बायकांच्या मागे उभ्या होत्या. दोन्ही हात पदराखाली.

डॉक्टरांच्या तोंडून ‘कल्हई’ हा शब्द निघाला तेव्हाच त्यांनी ते पदराखाली ओढून घेतले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी गंज घरी आला, तेव्हा त्यांनी आत डोकावून पाहिलं होतं. बाहेरून सोन्यासारखा, आतून मात्र पांढुरका, मध्येच काळपट. कुणीतरी नीट न घासता ठेवून दिला, असं त्यांना वाटलं. उद्या पोराच्या कारखान्यातली माणसं येणार. नाना जातींची. आपल्या दारी पहिल्यांदाच जेवणार. त्यातला एखादा गंजात डोकावून नाक मुरडेल, हे त्यांना सहन होणार नव्हतं. त्यांनी चिंच घेतली, रेती घेतली, विटेचा भुगा घेतला. अंधार पडेपर्यंत घासलं. नखं झिजली, बोटांची सालं निघाली, तेव्हा कुठे आतून पिवळं पितळ झळकायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, “बाई, तोंड दिसते व त्याच्यात!” त्या रात्री बाई किती सुखानं झोपल्या होत्या.

आता त्यांना तोंड लपवायला जागा नव्हती. बोलावं, एका वाक्याचं तर काम. पण सून कालच घरात आली, सोबत्यांपुढे पोराची मान खाली गेली, आणि वर हे सांगायचं?

बाबूभाईंनी गंजात हात घातला. बोटं आतल्या ओरखड्यांवरून सावकाश फिरली. मग त्यांनी मान वर करून बायकांकडे पाहिलं. नजर सत्यशीलाबाईंच्या पदरापाशी क्षणभर थांबली आणि खाली वळली.

“भाऊ,” ते लहानूभाऊंना म्हणाले, “गलती माहीच हाय.”

अंगणात एकच गलका झाला. कुणी म्हणालं, कल्हईच्या कथिलात भेसळ केली असेल. कुणी म्हणालं, मूलच्या बाजारात बोंब मारू, याच्याकडे कुणी भांडं देऊ नका. ऐन लग्नसराईत. बाबूभाईंनी गंज सायकलच्या मागे बांधला. “फुकट लावून देतो,” एवढंच म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.

सत्यशीलाबाई मागच्या बाजूनं धावल्या. चिंचेखाली त्यांनी सायकल गाठली.

“बाबूभाई, काऊन खोटं बोलले तुमी? तुमाले समजलं होतं ना?”

“समजलं. पन खोटं नाई बोललो, बाई.” त्यांनी सायकल झाडाला टेकवली. “गंज लग्नघरी चालला का मी त्या घरच्या बाईले सांगत असतो, आतून रेती नोको लावू, नुसत्या राखेनं पुस, पांढरं दिसते तेच कल्हई हाय, ते राहू दे. तुमच्या घरावरूनच गेलो होतो मी. वट्यावर तुमची मातीची गाडगी अन् जर्मन-अल्मिनची भांडी मांडून होती. मनात आलं, सांगितलं त हे बाई म्हनन, मले पितळ माईत नाई असं समजते काय हा? लगनघर. शरम वाटन तुमाले. म्हनून नाई सांगितलं, तसाच पुढं गेलो. मंग गलती कोनाची झाली?”

आपली लाज राखायला हा माणूस दोनदा गप्प बसला. एकदा त्याची नूरी आजारी पडली. आता त्याचं नाव बुडत होतं.

“थांबा इथीच,” त्या म्हणाल्या. “जाऊ नोका.”

त्या परत अंगणात आल्या. माणसं अजून पांगली नव्हती. लहानूभाऊ दोघांना मूलच्या बाजारात पाठवायचं ठरवत होते. माधवी सासूला शोधत दारात येऊन उभी होती, अश्विन तिच्या बाजूला. सत्यशीलाबाई बायकांच्या रांगेतून पुढे झाल्या आणि पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले. सोललेली बोटं, नखांत अजून विटेचा लाल भुगा.

“लहानूभाऊ, त्या मानसाले वापस बोलवा,” त्या म्हणाल्या. “कल्हई म्या घासून काढली. आमच्या घरी पितळ कधीच नव्हतं.”