झाडाचं दुखणं

शेततळ्यावरची मोटर सुरू झाली आणि साधनाच्या हातातली झेंडूची पाटी खाली पडली. छाती आवळली. हातांना मुंग्या आल्या. श्वास आत जाईना, बाहेर येईना. आता आपण मरणार, एवढंच तिला कळत होतं.

आली, आई आली, असं म्हणत मळ्यातल्या बायका फुलं तशीच टाकून धावल्या. त्यांनी तिला ओट्यावर बसवलं, केस मोकळे सोडले, कपाळभर कुंकू फासलं, नाकापुढे धूप धरला. जिला हवा पुरत नाही तिला धूर द्यायचा. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय!

पावसाळ्यात तिची लेक वैष्णवी शेततळ्यात घसरली होती. साधनाने मागोमाग उडी टाकली. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकवरून दोघींचे पाय निसटत राहिले, काठावर मोटर घरघरत होती, हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. शेवटी गड्याने दोर टाकला. दोघी वाचल्या, घरात पेढे वाटले, विषय संपला. साधनाच्या छातीत मात्र तो संपला नाही. मोटर सुरू झाली की ती पुन्हा त्या पाण्यात असायची.

पहिल्यांदा तसं झालं तेव्हा सासूबाईंनी, नवसाबाईंनी, तिची थरथर पाहिली आणि वणीची देवी अंगात आली म्हणून सांगून टाकलं. मळ्यात त्यांचा शब्द कोण मोडणार? तेव्हापासून बाया प्रश्न घेऊन येऊ लागल्या. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाची म्हैस आटली होती. साधनाने मोबाइलवर एका डॉक्टरचं बोलणं ऐकलं. याला पॅनिक अटॅक म्हणतात, यावर उपचार आहेत. तिने नवऱ्याला, शेखरला, पाया पडून सांगितलं. तो म्हणाला, देवाच्या गोष्टीला आजार म्हणू नये, आणि बायकोला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर मखमलाबादेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. साधनाचं कोणी ऐकत नव्हतं. ऐकायचे ते फक्त देवीचं.

आजही शेखर समोर हात जोडून बसला होता. आईला काय पाहिजे, साडी की बोकड, असं विचारत होता. साधनाला श्वास जरा सापडला होता. असंच चालू राहिलं तर आपण एक दिवस स्वतःहून त्या तळ्यात जाऊ, याची तिला भीती वाटली. देवीच्या नावाने खोटं बोलायची भीती त्यापुढे लहान होती. जिच्या अंगात देवी येते तिला तिकडे झाड म्हणतात. साधनाने मान वर केली.

"माझं झाड वाळत चाललंय, लेकरा. त्याला डॉक्टरकडं ने. मनाच्या डॉक्टरकडं. उद्याच."

शेखरने जमिनीला डोकं टेकलं आणि नेतो म्हणाला.

मग कुंकवाचा करंडा घेऊन नवसाबाई पुढे आल्या. साधनाला धडकी भरली. ही बाई आता आपलं सोंग चव्हाट्यावर आणणार. नवसाबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"आई, हिच्या सासूलाबी संगं जायला सांग," त्या पुटपुटल्या. "लगीन होऊन आली तवापासून तिलाबी हेच व्हतंय. कुणाला बोलली नाय."